पीयूसी करून निघाले आणि वाटेत इंजिन गेलं. धुराच्या चाचणीमुळे टायमिंग बेल्ट तुटू शकतो का?

कृष्णाकाठची (कराड)

नमस्कार. मी कराडची, व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. पक्षाघात झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण मी घरी जाऊन बघते. मसूर, उंब्रज, कधी पाटणच्या बाजूला. माझी गाडी बंद म्हणजे या माणसांचे व्यायाम बंद, आणि पक्षाघातानंतरचे पहिले महिने वाया गेले की ते भरून काढणं फार अवघड जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कृपया शेवटपर्यंत वाचा.

गाडी डस्टर, ८५ पीएस डिझेल, २०१४ची, पुण्याचं पासिंग, बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा). २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात टायमिंगचं पूर्ण किट बदलून घेतलं: बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (तो ताणून धरणारी पुली), वॉटर पंप. बाहेरचा फॅन बेल्टही तेव्हाच नवा टाकला. त्यावेळी ९१,००० किमी झाले होते, बिल जपून ठेवलंय. आज १,३४,०००. दिवाळीआधी सर्व्हिसिंग झालं, कसलाही आवाज नव्हता, कुठं तेल गळत नव्हतं.

पीयूसीची मुदत संपत आली होती. सकाळी आठच्या सुमारास निघाले आणि शहराबाहेरच्या एका केंद्रावर गेले. केंद्राचं नाव इथं लिहिणार नाही, निकाल लागेपर्यंत तर नाहीच. घरापासून ते जेमतेम दीड किलोमीटर. रात्रभर गाडी उघड्यावर, थंडीचे दिवस, तापमानाचा काटा अजून तळालाच होता. तिथल्या मुलानं मला उतरायला सांगितलं, स्वतः बसला, सायलेन्सरमध्ये नळी घातलेली होतीच, आणि ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला. दाबून धरला, चार-पाच सेकंद तरी. सोडला, पुन्हा तळाला. असं बऱ्याचदा. मी काचेवर टकटक करून म्हटलं, "अरे, गाडी थंड आहे अजून." तर म्हणाला, "मॅडम, डिझेलला असंच करावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर घेत नाही." बॉनेट त्यानं एकदाही उघडलं नाही. का सांगतेय ते पुढं कळेल.

दीडशे रुपये दिले, सर्टिफिकेट घेतलं, निघाले. निघतानाच माझ्या बाजूनं, पुढून, चट्‌चट्‌ असा बारीक आवाज यायला लागला. काहीतरी पान-काडी अडकली असेल असं वाटण्याइतकाच. ओगलेवाडी ओलांडून मसूरच्या रस्त्याला लागले, वेग पन्नासच्या आसपास, आणि एकदम कडकड आवाज होऊन इंजिन बंद. गाडी कडेला घेतली. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीसारखं अडत-अडत न फिरता मोकळं, भर्रकन फिरलं. मला यातलं फार कळत नाही, पण ते फिरणं बरोबर नव्हतं एवढं कळलं.

क्रेननं गॅरेजला आणली. मिस्त्रींनी वरचं कव्हर काढून दाखवलं: टायमिंग बेल्ट तुटलेला. म्हणाले, आठही व्हॉल्व्ह वाकले असणार, हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागेल. अंदाज ६८,०००, आणि तोही पिस्टनला मार बसला नसेल तर.

केंद्रावर जाऊन सांगितलं. मालकांचं उत्तर: "गाडी इथून चालत गेली ना? मग आमचा काय संबंध?"

सर्टिफिकेटवर चार वाचनं छापलीत. कमाल आरपीएम ४९६०, ४९८०, ४९७०, ४९९०. के-व्हॅल्यू (धुराच्या दाटपणाचा आकडा) ०.९१, ०.८८, ०.९०, ०.८७. तेलाचं तापमान ७२, ७२, ७२, ७२.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या चाचणीनं असं होऊ शकतं का, की मी उगाच त्या मुलावर खापर फोडतेय? आणि हेड उतरवायला परवानगी देण्याआधी काय जपून ठेवायला हवं? मिस्त्री उद्या काम सुरू करू म्हणतात.

---

हायवेवाला

ताई, राग मानू नका, पण रोज हजारो डिझेल गाड्यांची पीयूसी होते. चाचणीनं बेल्ट तुटत असते तर प्रत्येक केंद्राबाहेर क्रेन उभी दिसली असती. बेल्ट जायचाच होता, त्या दिवशी गेला. घाटात तिसऱ्या गिअरला ओव्हरटेक करताना गेला असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

---

पाना_नंबर_तेरा (सांगली)

ताई, पहिली गोष्ट: मिस्त्रींना आत्ता फोन करा आणि सांगा, थांबा. कशालाही हात लावू नका. बेल्टचा एक तुकडासुद्धा भंगारात जाता कामा नये. मी सांगलीत गॅरेज चालवतो, डिझेलचीच कामं जास्त.

हायवेवाल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धड असलेला बेल्ट पाच-सात वेळा रेस केल्यानं तुटत नाही, त्याला तेवढं सोसायलाच बनवलेलं असतं. पण 'जायचाच होता' म्हटल्यानं तो कशानं गेला हे कळत नाही. बेल्ट कसा तुटलाय ते बघून बरंच सांगता येतं.

एका पट्ट्यातले दात सोलून निघालेत आणि बाकीचा बेल्ट शाबूत असेल, तर काहीतरी जाम झालं: वॉटर पंपाचं बेअरिंग, टेन्शनर, डिझेल पंप. तुमच्या इंजिनात वॉटर पंप आणि हाय-प्रेशर पंप दोन्ही टायमिंग बेल्टवरच फिरतात. बेल्ट तेलानं भिजून मऊ पडला असेल तर क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) किंवा कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सील गळतंय. एका कडेला दोरे सुटलेत, कड खाल्लेली आहे, तर पुली तिरकी चालत होती किंवा बाहेरून काही आत शिरलं. स्वच्छ आडवा तुटला असेल तर बेल्टच खराब, किंवा बसवताना कुणीतरी तो मुडपला होता.

आता 'बाहेरून आत शिरलं' याबद्दल जरा सांगतो, कारण तुमचा चट्‌चट्‌ आवाज मला खटकला. फॅन बेल्ट, म्हणजे बाहेरचा नाळीदार पट्टा, जो अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, त्याची एक नाळ उसवली की ती सुतळीसारखी सुटते आणि प्रत्येक फेरीला कव्हरवर आपटते. आवाज तोच, चट्‌चट्‌. ही उसवलेली पट्टी क्रँक पुलीच्या मागं गेली, तर खालच्या कव्हरच्या फटीतून आत शिरते आणि टायमिंग बेल्टच्या दाताखाली येते. बेल्ट दात सोडतो, टायमिंग हुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मी हे या इंजिनावर पाहिलंय. दुसऱ्या कंपन्यांच्या इंजिनांवरही पाहिलंय, त्यामुळे गाडीला नावं ठेवायचं कारण नाही.

म्हणून मला एकच नीट आठवून सांगा. इंजिन बंद पडण्याच्या आधी बॅटरीचा लाल दिवा लागला होता का? बंद पडल्यावर लागणारच, ते नको. इंजिन ओढत असताना लागला होता का?

---

कृष्णाकाठची

मिस्त्रींना थांबवलं. त्यांनी बेल्टचे तुकडे पिशवीत घालून ठेवलेत, चांगला माणूस आहे.

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. हो. दिवा आधी लागला. मी त्याच्याकडे बघून 'आता हे काय' असं मनात म्हटलं होतं आणि गाडी अजून चालत होती. त्यानंतर थोड्याच वेळात कडकड. म्हणजे काय?

---

पाना_नंबर_तेरा

म्हणजे फॅन बेल्ट आधी गेला, टायमिंग बेल्ट नंतर. दिवा लागला कारण अल्टरनेटर फिरायचा थांबला. इंजिन चालू होतं कारण टायमिंग अजून जागेवर होतं. मिस्त्रींना सांगा, गाडी लिफ्टवर घ्या, उजवं पुढचं चाक आणि आतलं लायनर काढा, आणि क्रँक पुली सोडण्याआधी तिच्या मागं टॉर्च मारून फोटो काढा. मग पुली काढताना व्हिडिओ. तिथं काळे दोरे गुंडाळलेले सापडतील असा माझा अंदाज आहे.

आणि अल्टरनेटरची पुली हातानं फिरवून बघायला सांगा. बऱ्याच डिझेलमध्ये ही पुली फ्रीव्हील असते, एका दिशेनं धरते, दुसऱ्या दिशेनं मोकळी. अल्टरनेटर क्रँकच्या अडीच-तीन पट वेगानं फिरतो. इंजिन ५०००वर असेल तर तो बारा-पंधरा हजारांवर. तुम्ही पाय काढला की इंजिन झटकन खाली येतं, पण अल्टरनेटरचा जड रोटर त्याच वेगात राहू बघतो. पुली मोकळी सुटत असेल तर काही होत नाही. पुली जाम असेल तर तो सगळा हिसका फॅन बेल्टवर. दाब-सोड, दाब-सोड केलं की हिसक्यावर हिसका. रस्त्यावर चालवताना आपण असं कधी करत नाही. पाचव्या गिअरमध्ये पाय काढला तर आरपीएम सावकाश उतरतो, चाकं इंजिनला धरून ठेवतात. न्यूट्रलमध्ये ४९९० वरून ८०० वर पडणं ही वेगळीच गोष्ट.

तर हायवेवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. हजारो गाड्यांना काही होत नाही कारण त्यांच्या पुल्या मोकळ्या आहेत.

---

हायवेवाला

हे पटलं. अल्टरनेटरचं मला माहीत नव्हतं.

---

धूर_मीटर (अहिल्यानगर)

मी पीयूसी केंद्र चालवतो. आमच्या बाजूनं कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. ताईंना दोष द्यायचा हेतू नाही.

डिझेलची चाचणी फ्री ॲक्सिलरेशनचीच असते. गाडी न्यूट्रलला, पेडल झटकन पूर्ण दाबायचं, इंजिन गव्हर्नरच्या (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) कमाल वेगाला पोचलं की सोडायचं, परत आयडलला येऊ द्यायचं. आधी सायलेन्सरमधली साचलेली काजळी उडवायला काही वेळा तसंच करायचं, मग मोजायची वाचनं. सलग वाचनं एकमेकांशी ठरावीक टक्क्यांत जुळली नाहीत तर पुन्हा. अर्धं पेडल दाबून चालत नाही, आरपीएम पोचला नाही तर वाचन धरलंच जात नाही. त्या मुलानं जे सांगितलं, 'सॉफ्टवेअर घेत नाही', त्यात खोटं नाही.

पण दोन गोष्टी त्यानं चुकीच्या केल्या, आणि त्या मी आमच्या धंद्यातला असूनही सांगतो.

एक, पेडल दाबून धरायचं नसतं. वेगाला पोचलं की पाय काढायचा. चार-पाच सेकंद ५०००वर धरून धुराच्या वाचनात काहीच भर पडत नाही, कारण शिखर पहिल्या क्षणातच येतं.

दोन, तेल गरम हवं. किमान ६० अंश. थंड इंजिन जास्त धूर देतं, वाचन चुकतं, आणि इंजिनालाही ते बरं नाही. हे तापमान मोजायला प्रोब असतो आणि तो डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून तिच्या जागी घालायचा असतो. ताई म्हणतात बॉनेट उघडलंच नाही. मग प्रोब गेला कुठून? आणि चार वाचनांना चारही वेळा ७२? माझ्या मशिनवर तापमान दर वेळी एखाद-दुसऱ्या अंशानं हलतं. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी दीड किलोमीटर चालून ७२ला पोचत नाही. हा आकडा मोजलेला नाही, भरलेला आहे.

ताई, तुमच्याकडं याच केंद्राचं मागच्या वर्षीचं सर्टिफिकेट आहे का? बीएस-४ गाडीला एक वर्षाची मुदत असते, म्हणजे असायला हवं.

आणि तुमच्या गाडीचं वाचन ०.८९ आलंय. बीएस-४ डिझेलची मर्यादा १.६२. इंजिन छान अवस्थेत होतं, हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

---

पाना_नंबर_तेरा

धूर_मीटरदादांना धन्यवाद, असं बोलायला धाडस लागतं.

पण ताई, एक आत्ताच सांगून ठेवतो. 'तेल थंड होतं म्हणून बेल्ट तुटला' असं कुठंही लिहू नका. बेल्टचा तेलाच्या तापमानाशी संबंध नाही, समोरचा कुणीही जाणकार ते एका वाक्यात खोडून काढेल आणि तुमचं बाकीचं खरं म्हणणंही त्यासोबत जाईल. तापमानाचा आकडा एवढंच सिद्ध करतो की चाचणी नियमानं झाली नाही आणि कागदावर खोटी नोंद झाली. बेल्ट कशानं गेला हे पुलीच्या मागच्या दोऱ्यांनी सिद्ध करायचं. दोन्ही पुरावे वेगळे ठेवा.

---

लीड्सकर

मी मूळचा इचलकरंजीचा, इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी (गाडीची सक्तीची तपासणी) करावी लागते, त्यात डिझेलची धूर चाचणी हीच, पेडल तळाला. इथल्या डिझेलवाल्यांनाही टायमिंग बेल्टची हीच धास्ती असते. फरक इतका की टेस्टरनं आधी तेलाची पातळी आणि इंजिनाची अवस्था बघायची असते, आणि धोका वाटला तर तो चाचणी नाकारू शकतो. शिवाय पहिल्याच दाबणीत वाचन मर्यादेच्या आत आलं तर तिथंच पास, पुढच्या दाबण्या करायच्याच नाहीत. त्याला फास्ट पास म्हणतात. ताईंची गाडी मर्यादेच्या जवळजवळ निम्म्यावर होती. इथं असती तर तिला एवढा मार बसलाच नसता.

---

ग्राहकपंचायत_वाचक (सोलापूर)

कायद्याची बाजू. मी वकील आहे, पण हा सल्ला समजून वाचा, वकीलपत्र नव्हे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवेतील त्रुटी' ही संकल्पना इथं लागू होते. पैसे घेऊन सेवा दिली, ती ठरलेल्या पद्धतीनं दिली नाही, आणि त्यातून नुकसान झालं. तीनही कड्या जोडाव्या लागतील. पहिली पावतीनं जुळते. दुसरी सर्टिफिकेटवरच्या तापमानानं आणि तुमच्या शपथपत्रानं. तिसरी, म्हणजे कार्यकारणभाव, सगळ्यात अवघड. तिथं मिस्त्रींचं म्हणणं पुरत नाही, कारण दुरुस्तीचे पैसे त्यांना मिळणार असतात. स्वतंत्र जाणकाराचा लेखी अहवाल हवा. परवानाधारक सर्व्हेअर चालेल. तुमच्याकडं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या मेकॅनिकल विभागात विचारून बघा. हेड उतरवण्याआधी त्यांना गाडी दाखवा, आणि त्या वेळी हजर राहा असं केंद्राला लेखी कळवा. नाही आले तरी तुम्ही बोलावलं होतं हे कागदावर राहतं.

समोरून एक मुद्दा नक्की येईल: गाडी तुम्ही व्यवसायासाठी वापरता, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेल्या वस्तूचा स्वतः केलेला वापर 'व्यापारी हेतू'मध्ये मोडत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे.

तक्रार सातारा जिल्हा आयोगाकडं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. तिथलं शुल्क तुम्ही सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरतं, ती दीडशे रुपये, म्हणजे शुल्क शून्य. ऑनलाइन दाखल करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तिथूनच तडजोड होते. आधी केंद्राला नोटीस पाठवा, स्पीड पोस्टनं, पोच जपून.

वेगळी तक्रार कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात करा. केंद्राला परवानगी परिवहन विभागाची असते. तिथं बेल्टचा, पैशांचा विषय काढूच नका. फक्त तापमानाची नोंद आणि प्रोब. ती चौकशी झाली तर तिचा कागद आयोगापुढं तुमच्या कामी येईल.

विम्याकडून आशा ठेवू नका. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. इंजिन संरक्षणाचं ॲड-ऑन घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा, पण ते बहुधा पाणी शिरण्यासारख्या गोष्टींसाठी असतं.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच घडलंय, क्रमानं सांगते.

मागच्या वर्षीचं सर्टिफिकेट सापडलं. त्याच केंद्राचं. तेलाचं तापमान: ७२, ७२, ७२, ७२. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. मग शेजारच्या दोन डिझेलवाल्यांकडं जाऊन त्यांची सर्टिफिकेटं मागितली, तीही तिथलीच. एकावर ७२, दुसऱ्यावर ७१ आणि ७२. त्यांनी फोटो काढू दिले.

एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक यांत्रिक अभियंता माझ्या रुग्णाचे भाऊ निघाले. पण ओळखीचे म्हणून त्यांचा अहवाल नको असं मीच ठरवलं, आणि त्यांनीच एका परवानाधारक सर्व्हेअरांकडं पाठवलं. केंद्राला हजर राहायला लेखी कळवलं. मालक आले. येतील असं वाटलं नव्हतं.

सगळ्यांसमोर चाक काढलं. क्रँक पुलीच्या मागं काळ्या दोऱ्यांचा गुंता. पानावाले दादा, तुम्ही सांगितलं होतं तसाच. खालच्या कव्हरची कड खाल्लेली. पुली काढल्यावर टायमिंगच्या दात्यांत फॅन बेल्टच्या नाळेचा बोटभर तुकडा रुतलेला. वॉटर पंप मोकळा, टेन्शनर मोकळा, कुठंही तेल नाही. टायमिंग बेल्टची एक कड कुरतडलेली, बाकी बेल्ट सर्व्हेअरांच्या शब्दांत 'वयाच्या मानानं उत्तम'.

आणि अल्टरनेटरची पुली जाम. दोन्ही दिशांना धरते.

इथंच मला विचार करावा लागला. पुली त्या सकाळी जाम झालेली नाही. ती आधीपासून तशी होती, कधीपासून ते कुणालाच सांगता येत नाही, तिचा आवाज नव्हता. केंद्राचे मालक लगेच म्हणाले, "बघा, दोष गाडीत होता." सर्व्हेअर म्हणाले, दोष गाडीत होता, तो हिसक्यांनी बाहेर आला, आणि तेवढे हिसके द्यायचं कारण नव्हतं. अहवालात दोन्ही लिहिणार आहेत. मला ते योग्य वाटतं. हेडचा सगळा खर्च केंद्रानं द्यावा असं मी आता म्हणणार नाही. अल्टरनेटरची पुली, फॅन बेल्ट, टायमिंग किट हे माझं. व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, लेथकाम आणि मजुरी यांतला काही भाग मी मागणार आहे.

पण ७२ वर मी काहीही सोडणार नाही. तो माझ्या गाडीपुरता प्रश्न नाही. तिथं रोज डिझेल गाड्या येतात, दुधाच्या टेम्पोपासून रुग्णवाहिकेपर्यंत. कुणाचं तेल मोजलं जात नाही आणि कागदावर मात्र मोजल्याचं लिहिलं जातं. धुराची मर्यादा आपल्या सगळ्यांच्या छातीसाठी आहे. माझ्या रुग्णांमध्ये दमेकरी आहेत, श्वासाचे व्यायाम मी त्यांच्याकडून करून घेते, मला ते जास्त लागतं. थंड गाडीवर घेतलेलं वाचन खोटं, मग ती पास होवो की नापास. परिवहन कार्यालयात अर्ज दिला, चारही सर्टिफिकेटांच्या प्रती जोडल्या, पोच मिळाली.

त्या मुलाविरुद्ध मी काही लिहिलेलं नाही. त्याला प्रोब कुणी दिलाच नसेल तर तो काय करणार. मालकांनाच विचारलं, प्रोब कुठं आहे? म्हणाले, आहे की, ऑफिसात आहे.

हेड आता उतरवलंय. आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेत, पिस्टनच्या डोक्यावर खुणा आहेत पण तडा नाही. रुग्णांकडं सध्या भावाच्या ॲक्टिव्हावरून जाते. पाटणची बाजू तेवढी बंद आहे.

---

पाना_नंबर_तेरा

पिस्टन वाचले, हे मोठं झालं. कनेक्टिंग रॉड तेवढे मोजून घ्यायला सांगा. व्हॉल्व्ह वाकण्याइतका मार बसला की रॉड किंचित वाकू शकतो, डोळ्याला दिसत नाही. हेड बसवण्याआधी चारही पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून डायल गेजनं उंची बघायची. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर तिथंच थांबा. सहा वाकलेत तरी व्हॉल्व्ह आठही बदला. आणि हेड लेथवाल्याकडून प्लेन आहे का तपासून घ्या, पण डिझेलचं हेड उगाच घासू देऊ नका.

अल्टरनेटरची पुली नवी टाका, जुनी तेल सोडून मोकळी करून देतो म्हणाले तर नको म्हणा.

---

ग्राहकपंचायत_वाचक

खर्चाची वाटणी तुम्ही स्वतःहून केलीत हे नोटिशीत लिहाच. आयोगासमोर सगळं मागणाऱ्यापेक्षा हिशेबानं मागणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं, हा माझा अनुभव. जुने सुटे भाग, तो बोटभर तुकडासुद्धा, सर्व्हेअरांच्या सहीनं सीलबंद करून ठेवा.

---

कृष्णाकाठची

करते. रॉडचं मिस्त्रींना आत्ताच सांगितलं, ते म्हणाले डायल गेज विट्याहून मागवतो.

धूर_मीटरदादा, एक विनंती आहे. प्रोब कुठं घालतात, तापमान कसं वाचलं जातं आणि ते चारही वेळा सारखं का येत नाही, एवढं तुम्ही लिहून द्याल का? परिवहन कार्यालयातले साहेब म्हणाले, दुसऱ्या केंद्रचालकाचं म्हणणं असेल तर बरं होईल. तुमच्यावर दडपण नको. नाही म्हणालात तरी मी समजू शकते.

---

धूर_मीटर

देतो. माझ्या मशिनवरच्या महिनाभरातल्या डिझेल वाचनांच्या प्रती जोडतो, गाड्यांचे नंबर झाकून. तापमान आणि प्रोब एवढ्यापुरतंच लिहीन. बेल्टबद्दल मी काही म्हणणार नाही, ते माझं काम नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.